नावाआधी घडण वाचा: जुन्या गाड्यांच्या सुट्या भागांची पारख

पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा मुंबईच्या चोर बाजारात जुन्या फियाटचा एखादा भाग शोधत फिरणाऱ्याला एक कोडं हमखास पडतं. फडक्यावर दोन कार्ब्युरेटर शेजारी शेजारी मांडलेले असतात. दोन्हींवर तेच नाव, तोच क्रमांक, तेलाचा तसाच काळा थर. विक्रेता एकाला ‘ओरिजिनल’ म्हणतो, दुसऱ्याला ‘डुप्लिकेट’, आणि पहिल्याचे चौपट पैसे सांगतो. आपण दोन्ही उचलतो, उलटेपालटे करतो, ठसा वाचतो आणि अखेर विक्रेत्याच्या चेहऱ्याकडे बघून निर्णय घेतो.

ठसा वाचून उलगडा होत नाही, कारण नक्कल करायला सगळ्यात सोपं असतं ते नावच. चार अक्षरं उमटवायला एक पंच पुरतो. तो भाग मात्र ज्या धातूतून, ज्या साच्यात, ज्या यंत्रावर घडला त्याच्या खुणा सबंध वस्तूवर पसरलेल्या असतात. बाहेरून, मागून, कडेला, अगदी भोकांच्या आतसुद्धा. त्या जशाच्या तशा उतरवायच्या तर मूळ कारखान्यातली हत्यारं आणि पद्धत दोन्ही लागतात. नक्कल करणाऱ्याला तेवढा खर्च परवडत नाही. म्हणून जाणता मिस्त्री आधी वस्तूची घडण बघतो आणि नाव सगळ्यात शेवटी वाचतो. ती घडण कशी वाचायची, हे समजून घ्यायला इंजिनिअर असण्याची गरज नाही.

## ‘ओरिजिनल’ म्हणजे नेमकं काय?

कोणतीही मोटार कंपनी गाडीतला प्रत्येक भाग स्वतः बनवत नाही. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात फियाट ११०० तयार होत असे, पण तिचे कार्ब्युरेटर, स्पार्क प्लग, दिवे, काचा, टायर हे सगळं इतर कंपन्यांकडून येई. त्यामुळे कार्ब्युरेटरवर फियाटचं नाव शोधणाराच चुकतो. तिथे कार्ब्युरेटर बनवणाऱ्या कंपनीचं नाव हवं.

बाजारात एकाच ‘ओरिजिनल’ शब्दाखाली निदान चार वेगवेगळ्या वस्तू विकल्या जातात. पहिली, गाडीबरोबर कारखान्यातून आलेली. दुसरी, त्याच काळात त्याच उत्पादकाने सुटा भाग म्हणून बनवलेली आणि न वापरता गोदामात राहिलेली. संग्राहक तिला ‘न्यू ओल्ड स्टॉक’ म्हणतात आणि सगळ्यात जास्त पैसे तिलाच मोजतात. तिसरी, त्याच उत्पादकाने पुढे कित्येक वर्षांनी बनवलेली. नाव तेच असतं, पण मधल्या काळात धातू, मुलामा किंवा प्लास्टिक बदललेलं असतं. चौथी, दुसऱ्याच कुणीतरी बनवलेली प्रतिकृती. या चौथीतही दोन जाती आहेत. स्वतःच्या नावाने, ‘प्रतिकृती’ असं सांगून विकलेली वस्तू हा सरळ व्यवहार आहे. तीच वस्तू मूळ कंपनीचं नाव ठोकून विकली की ती बनावट.

सीमारेषा कुठे कुठे अगदी पुसट होते. ब्रिटनमध्ये एमजीबी या स्पोर्ट्स कारचं उत्पादन १९८० मध्ये थांबलं. ब्रिटिश मोटर हेरिटेज या संस्थेने जुने मूळ साचे मिळवून १९८८ पासून त्याच गाडीचे नवे सांगाडे बनवायला सुरुवात केली. डाय तेच, आकार तोच, फक्त साल वेगळं. असा सांगाडा अस्सल म्हणायचा की नक्कल? माझ्या मते तो उत्तम आणि प्रामाणिक भाग आहे, मात्र ‘१९६५ चा’ म्हणून तो विकायला कुणालाही अधिकार नाही.

आपल्याकडे नावांचा इतिहासही कामाला येतो. फियाटबरोबरचा करार संपल्यावर ११०० ‘डिलाइट’ची आधी ‘प्रीमियर प्रेसिडेंट’ आणि १९७४ पासून ‘प्रीमियर पद्मिनी’ झाली. त्यामुळे १९८० च्या पद्मिनीच्या जाळीवर फियाटचं बोधचिन्ह झळकत असेल, तर ते कुणीतरी हौसेने लावलेलं आहे. ते चिन्ह स्वतः अस्सल असलं तरी त्या गाडीचं नव्हे.

## ओतलेला धातू आकसतो

आता घडणीकडे वळू. सुरुवात ओतकामापासून, कारण खऱ्या-खोट्याचा सगळ्यात भक्कम पुरावा तिथेच मिळतो.

इंजिनचा ब्लॉक, मॅनिफोल्ड, वॉटर पंप, गिअरबॉक्सचं आवरण हे भाग वितळलेला धातू साच्यात ओतून बनतात. आधी लाकडाचा किंवा धातूचा नमुना करतात, त्याला फौंड्रीत पॅटर्न म्हणतात. पॅटर्न वाळूत दाबून पोकळी तयार करायची आणि त्या पोकळीत धातू ओतायचा. हा धातू थंड होताना आकसतो. बीड म्हणजे ओतीव लोखंड साधारण १ टक्का आकसतं, ॲल्युमिनियम सुमारे १.३ टक्के, पितळ त्याहून थोडं जास्त. कोल्हापूरच्या उद्यमनगरातला कोणताही पॅटर्नमेकर हे जाणतो, म्हणून तो पॅटर्न आधीच तेवढा मोठा करतो. त्यासाठी त्याच्याकडे वेगळी पट्टी असते. तिच्यावरचा इंच खऱ्या इंचापेक्षा किंचित लांब असतो.

स्वस्तातली नक्कल करणाऱ्याकडे मूळ पॅटर्नही नसतो आणि मूळ रेखाचित्रही नसतं. तो बाजारातून एक अस्सल भाग विकत आणतो आणि तोच पॅटर्न म्हणून वाळूत दाबतो. पोकळी अस्सल भागाएवढीच होते, आणि तिच्यात ओतलेला धातू आकसून त्याहून लहान निघतो. ३०० मिलिमीटर लांबीचं ॲल्युमिनियमचं झाकण असेल, तर नक्कल जवळपास ४ मिलिमीटरने आखूड भरते. हा फरक पकडायला प्रयोगशाळा लागत नाही. साधा व्हर्निअर कॅलिपर आणि तुलनेसाठी खात्रीचा एक मूळ भाग एवढं पुरतं.

नक्कल करणाऱ्यालाही एक अडचण सोडवावी लागते. झाकण आखूड झालं तरी त्याच्या बोल्टची भोकं इंजिनवरच्या भोकांशी जुळायलाच हवीत. म्हणून तो भोकं मूळ अंतरावर पाडतो. पण भोकाभोवतीचा गोल उंचवटा ओतकामाबरोबर आत सरकलेला असतो. परिणामी भोक उंचवट्याच्या मधोमध न येता बाहेरच्या बाजूला सरकलेलं दिसतं. दोन भोकांमध्ये २०० मिलिमीटर अंतर असेल, तर प्रत्येक भोक सव्वा मिलिमीटरच्या आसपास बाजूला गेलेलं असतं. तेवढं नुसत्या डोळ्यांना समजतं. समोरासमोरच्या कडांची सगळीच भोकं बाहेर सरकलेली दिसली, तर त्या भागाचा जन्म दुसऱ्या भागाच्या साच्यातून झाला आहे, असं समजायला हरकत नाही. एकच भोक सरकलेलं असेल तर ती मूळ कारखान्यातली चूकही असू शकते.

लांबीइतकीच महत्त्वाची असते ती रेषांची धार. पेणला एका घडवलेल्या गणेशमूर्तीवरून साचा काढतात, त्या साच्यातल्या मूर्तीवरून पुन्हा कुणी साचा काढला की मुकुटावरची नक्षी बोथट होते, बोटांमधल्या फटी बुजतात. धातूच्या भागावरही तसंच घडतं. उठावाची अक्षरं कडेला गोलसर होतात, ‘ए’ आणि ‘आर’ या इंग्रजी अक्षरांच्या आतली छोटी जागा भरून येते, क्रमांकातला ८ आणि ३ ओळखायला प्रयास पडतो. भिंग लावून अक्षरांचा तळ बघावा. मूळ भागात तो सपाट आणि कोपरे स्पष्ट असतात.

कार्ब्युरेटरसारखे लहान भाग बहुधा वाळूत ओतत नाहीत. जस्ताचा मिश्रधातू पोलादी डायमध्ये दाबाने भरून ते बनवतात. अशा भागावर दोन खुणा राहतात. डायचे दोन अर्धे भाग जिथे मिळतात तिथे एक बारीक रेघ, आणि घट्ट झालेला भाग बाहेर ढकलणाऱ्या पिनांचे छोटे गोल ठसे. ही रेघ कुठून जाते आणि ठसे कुठे आहेत, हे त्या मूळ डायपुरतं ठरलेलं असतं. नक्कल करणाऱ्याने दुसरा डाय बनवला की रेघ दुसरीकडून जाते. अस्सल भागाची मागची बाजू म्हणूनच पुढच्या बाजूपेक्षा जास्त बोलकी असते. दोन भागांची तुलना करताना आधी त्यांच्या पाठी शेजारी ठेवून बघाव्यात. नक्कल करणाऱ्याचं सगळं लक्ष गिऱ्हाइकाला दिसणाऱ्या बाजूकडे असतं.

इथे एक सावधगिरी हवी. चांगला प्रतिकृतीकार आकसमान धरूनच पॅटर्न बनवतो, आणि आता थ्रीडी स्कॅनिंगमुळे ते अधिकच सोपं झालं आहे. त्यामुळे माप चुकलं तर भाग नक्कल असल्याचा संशय पक्का होतो, पण माप बरोबर आलं म्हणजे भाग अस्सल ठरला असं नाही. कोणत्याही एका खुणेवर निकाल देऊ नये.

## दाबलेला पत्रा, ठोकलेला पत्रा

मडगार्ड, बॉनेट, दरवाजे हे भाग कारखान्यात प्रचंड दाबाच्या प्रेसमध्ये एका डायवर दाबून काढतात. त्यांच्या घड्या करकरीत असतात आणि वक्रता एकसारखी असते. कमी ताकदीच्या प्रेसवर किंवा हातोडी आणि डॉलीने ठोकून बनवलेल्या पत्र्याच्या घड्या मऊ पडतात. जो खोल आकार कारखान्याने एका दाबात काढलेला असतो, तो दोन-तीन तुकडे जोडून केलेला सापडतो. ‘डुक्कर फियाट’ म्हटल्या जाणाऱ्या जुन्या फियाटचं गुबगुबीत मडगार्ड या दृष्टीने बघण्यासारखं असतं. बाहेरून रंगाखाली काहीच समजत नाही, पण चाकाच्या बाजूने आत हात फिरवला की सांधे आणि हातोडीच्या बारीक खळग्या बोटांना लागतात.

जोडकामही तपासावं. कारखाना दोन पत्रे स्पॉट वेल्डिंगने जोडतो, म्हणजे दोन टोकांमध्ये पत्रे चिमटून त्यातून वीज सोडतो. त्याचे गोल, उथळ, सारख्या अंतरावरचे ठिपके दिसतात. गॅरेजमध्ये बदललेल्या पत्र्यावर त्या जागी गॅस वेल्डिंगची ओबडधोबड ओळ किंवा मिग वेल्डिंगचे फुगवटे असतात. रंगाखाली पुट्टी भरली आहे का, हे पातळ फडक्यात गुंडाळलेलं लहान चुंबक सांगतं. पुट्टीचा थर जाड असेल तिथे त्याची पकड सुटते.

## बोल्ट, स्क्रू आणि जीपवरचा ‘एफ’

बोल्टकडे सहसा कुणी लक्ष देत नाही. पारख करणाऱ्याला मात्र त्याच्यातून फार काही मिळतं.

फुलीच्या खाचेचा स्क्रू, ज्याला गॅरेजमध्ये ‘स्टार’ म्हणतात, तो मोटारीत प्रथम वापरला गेला १९३६ च्या कॅडिलॅकमध्ये. अमेरिकेतल्या हेन्री फिलिप्स यांनी तो प्रचारात आणला. तेव्हा १९२८ च्या गाडीच्या डॅशबोर्डवर असा स्क्रू दिसला, तर तो भाग कधीतरी उघडला गेला आहे किंवा बदलला गेला आहे, यात शंका नाही. आट्यांचंही तसंच. जुन्या ब्रिटिश गाड्यांवर व्हिटवर्थ पद्धतीचे आटे असत, त्यांचा कोन ५५ अंशांचा. अमेरिकन आणि मेट्रिक आट्यांचा कोन ६० अंशांचा. १९४८ मध्ये अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडा यांनी एकसारखे आटे मान्य केले आणि त्यानंतर ब्रिटिश गाड्याही हळूहळू बदलल्या. इटलीतून आलेली फियाट मात्र आधीपासूनच मेट्रिक. आटे मोजायचा कंगव्यासारखा गेज हार्डवेअरच्या दुकानात मिळतो. बोल्टच्या डोक्यावर ‘८.८’ असे आकडे असतील, तर तो मेट्रिक मजबुतीचा दर्जा आहे. दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकन जीपवर त्याला जागा नाही.

या जीपची गोष्ट तर सुट्या भागांच्या पारखीचा पाठच आहे. १९४१ ते १९४५ या काळात अमेरिकी सैन्यासाठी सहा लाखांहून अधिक जीप बनल्या. सैन्याने निवडलेला आराखडा विलीसचा होता, पण सैन्याची गरज इतकी मोठी होती की तीच गाडी फोर्डलाही बनवायला दिली गेली. विलीसच्या गाडीचं नाव एमबी, फोर्डच्या गाडीचं जीपीडब्ल्यू. दोन्हींचे भाग एकमेकांना बसावेत अशीच अट होती. आपले भाग ओळखू यावेत म्हणून फोर्डने कंसापासून बोल्टच्या डोक्यापर्यंत, जमेल तिथे वळणदार ‘एफ’ उमटवला.

युद्धानंतर या जीप जगभर पसरल्या, हजारोंनी दुरुस्त झाल्या आणि त्यांचे भाग आपसात मिसळले. पुढे संग्राहकांना ‘एफ’ असलेले बोल्ट हवे झाले. मागणी निर्माण होताच ‘एफ’ ठोकलेले नवे बोल्ट बाजारात आले. आज एखाद्या जीपवर पाहावं तिथे ‘एफ’ सापडला तर ती फोर्ड आहे असं म्हणता येत नाही. मग बघायचं ते बदलायला अवघड अशा ठिकाणी. चॅसीचा सगळ्यात पुढचा आडवा दांडा विलीसच्या गाडीत गोल नळीचा असतो, तर फोर्डच्या गाडीत उलट्या ‘यू’ आकाराच्या पट्टीचा. तो बदलायचा म्हणजे अख्खी चॅसी कापायची. चार रुपयांच्या बोल्टपेक्षा त्या दांड्याच्या साक्षीला जास्त किंमत द्यायला हवी.

भारतातल्या युद्धकालीन जीपमध्ये आणखी एक मिसळ असते. महिंद्राने स्वातंत्र्यानंतर मुंबईत विलीसच्या जीप जोडायला आणि पुढे बनवायला घेतल्या. त्यामुळे बसणारे भाग इथे दशकानुदशकं सहज मिळत राहिले आणि ते जुन्या लष्करी गाड्यांवर बसले. हे भाग चांगले आहेत, कित्येक जीप त्यांच्यामुळेच चालत्या राहिल्या. गाडीच्या कागदावर मात्र ते जसे आहेत तसे नोंदवले गेले पाहिजेत.

## गंजाचा रंग खोटं बोलत नाही

मुलाम्याखाली कोणता धातू आहे, हे गंज सांगतो. तपकिरी गंज म्हणजे खाली लोखंड किंवा पोलाद. हिरवट डाग म्हणजे पितळ किंवा तांबं. पांढरी भुकटी म्हणजे जस्ताचा मिश्रधातू किंवा ॲल्युमिनियम. दिव्याभोवतीची मूळ कडी पितळेची होती हे माहीत असेल आणि समोरच्या कडीच्या मागे तपकिरी गंज दिसत असेल, तर प्रश्न तिथेच मिटतो. चुंबक लावूनही तेच कळतं.

मोटारीवरचा चांगला क्रोम हा एक थर नसतो. खाली तांबं, त्यावर निकेल आणि सगळ्यात वर क्रोमचा अतिशय पातळ, एक मायक्रॉनपेक्षाही कमी जाडीचा पापुद्रा. गंजापासून खरं संरक्षण निकेल देतं, पण निकेल महाग. स्वस्त नक्कलीत नेमकी त्याच्यातच काटकसर होते, म्हणून असे भाग दोन पावसाळ्यांत ठिपक्या-ठिपक्यांनी गंजतात. शिवाय मोटारींवर क्रोम आला तो १९२० च्या दशकाच्या उत्तरार्धात. त्याआधी उघडं निकेल असे आणि त्याची चमक किंचित पिवळसर, उबदार. १९२२ च्या गाडीचा रेडिएटर निळसर आरशासारखा लखलखत असेल, तर त्यावर नंतर मुलामा चढवला आहे.

जुनी बटणं, डिस्ट्रिब्यूटरची टोपी, स्विच यांत बेकेलाइट वापरत. हे प्लास्टिक एकदा घट्ट झालं की उष्णतेने पुन्हा वितळत नाही. अंगठ्याने जोरात घासून गरम केलं तर औषधासारखा उग्र वास येतो. आजच्या साध्या प्लास्टिकला तो येत नाही. तापलेली सुई टोचून बघायचा सल्ला काही जण देतात, पण चांगल्या भागावर तो प्रयोग करू नये. भोक कायमचं राहतं. काचेची तपासणी त्या मानाने सोपी. पुढच्या काचेच्या कोपऱ्यात आयएसआय चिन्ह आणि ‘आयएस २५५३’ असेल, तर ती काच भारतीय मानकाची आहे. परदेशातून जशीच्या तशी आलेल्या गाडीवर ती नंतर बसवली गेली.

## तारखांचा मेळ

अनेक मोठ्या ओतीव भागांवर ते कधी ओतले याची तारीख सांकेतिक पद्धतीने असते. जनरल मोटर्सच्या शेवरोलेटवर महिन्याचं अक्षर, मग दिवस, मग सालाचा शेवटचा आकडा. म्हणजे ‘सी १४ ७’ असेल तर सी हा तिसरा महिना, अर्थात १४ मार्च, आणि साल ७ ने संपणारं. दशक कोणतं, ते शेजारच्या ओतकाम क्रमांकावरून ठरतं. लुकाससारख्या ब्रिटिश विद्युत उपकरणांवरही महिना किंवा आठवडा आणि साल ठोकलेलं असे.

यातला तर्क सोपा आहे. इंजिनचा ब्लॉक गाडीच्या आधी ओतला गेला पाहिजे. गाडी फेब्रुवारीत जोडली गेली आणि ब्लॉक मार्चमध्ये ओतला, असं होऊ शकत नाही. ओतकाम आणि जोडणी यांत अमेरिकेत काही आठवड्यांचं अंतर असे. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत शिवडीला कारखाना काढला आणि १९५४ पर्यंत तिथे सुट्या भागांच्या पेट्यांतून गाड्या जोडल्या. हे भाग जहाजाने येत, त्यामुळे शिवडीच्या शेवरोलेटमध्ये तारखांचं अंतर जास्त निघालं तर दचकू नये. परदेशी पुस्तकातला नियम डोळे झाकून लावला, तर आपल्याकडची खरी गाडी खोटी ठरेल.

तारीख आणि क्रमांकही खोटे ठोकता येतात. अमेरिकेत १९६० च्या दशकातल्या कॉर्व्हेट गाड्यांबाबत हे मोठ्या प्रमाणात झालं, कारण मूळ इंजिन असलेल्या गाडीची किंमत कितीतरी जास्त येते. तो डाव कशामुळे उघडा पडतो? ब्लॉकचा वरचा सपाट भाग कारखान्यात ब्रोच नावाच्या दातेरी हत्याराने एका फेरीत तासला जाई. त्याच्या अगदी बारीक समांतर रेघा राहत आणि क्रमांक त्या रेघांवर ठोकला जाई. जुना क्रमांक घासून नवा ठोकायचा तर रेघाही जातात. म्हणून तज्ज्ञ आकड्यांपेक्षा आकड्यांच्या मधली जागा भिंगाखाली बघतात.

चौकट: भाग बघायला जाताना जवळ काय असावं?
व्हर्निअर कॅलिपर, दहापट मोठं दाखवणारं भिंग, लहान चुंबक आणि फडकं, आटे मोजायचा गेज, नोटा तपासायचा निळा दिवा, टॉर्च. आणि या सगळ्यांहून उपयोगी म्हणजे खात्रीच्या मूळ भागाचे पुढून, मागून, कडेने काढलेले फोटो आणि त्याची मापं. आधी पाठ, मग कडा, मग भोकं, मग पुढची बाजू आणि शेवटी नाव, हा क्रम ठेवावा.

## खोक्यातला ‘जुना नवा’ माल

न वापरलेल्या जुन्या भागाला सगळ्यात जास्त भाव मिळतो, त्यामुळे खोकीसुद्धा बनावट निघतात. भारतीय खोक्यावर तारीख शोधायला आपल्या रोजच्या जगण्यातला इतिहास पुरतो. किंमत आण्यांत असेल तर छपाई बहुधा १९५७ च्या आधीची, कारण त्या वर्षी एप्रिलपासून दशमान नाणी आली. ‘नये पैसे’ लिहिलं असेल तर त्यानंतरच्या काही वर्षांतली. पत्त्यात सहा आकडी पिनकोड असेल तर खोकं १५ ऑगस्ट १९७२ नंतरचं. त्याआधी ‘बॉम्बे-७०’ अशी लहान विभागसंख्या लिहीत. ‘बॉम्बे’ऐवजी ‘मुंबई’ असेल तर १९९५ किंवा नंतरचं. मायको हे नाव कित्येक पिढ्यांना स्पार्क प्लगमुळे ठाऊक होतं. त्या कंपनीचं नाव २००८ मध्ये बॉश लिमिटेड झालं, म्हणून खोक्यावरचं कंपनीचं पूर्ण नाव वाचावं.

अंधाऱ्या खोलीत खोक्यावर निळा दिवा धरावा. कागद अधिक शुभ्र दिसावा म्हणून त्यात घालायची चमकदार रसायनं दुसऱ्या महायुद्धानंतर हळूहळू रूढ झाली. ती त्या दिव्याखाली निळसर पेटून उठतात. १९४० चं म्हणवणारं लेबल असं पेटलं, तर ते खरं मानू नये.

## जिथे जुना भाग नकोच

अस्सलपणाचा आग्रह धरतानाही काही भाग मी बिनदिक्कत नवेच घ्यायला सांगेन. ब्रेकचे होज, व्हील सिलिंडरमधली रबरं, पेट्रोलची नळी, टायर. रबर वापरलं नाही तरी हवेतला ऑक्सिजन आणि ओझोन त्याला कडक करतात, त्यात बारीक चिरा पडतात. चाळीस वर्षं खोक्यात राहिलेला अस्सल ब्रेक होज घाटात जीव घेऊ शकतो. टायरच्या बाजूवर डीओटी कोडच्या शेवटी चार आकडे असतात. २००० पासून त्यातले पहिले दोन आठवडा आणि शेवटचे दोन साल सांगतात. ते वाचल्याशिवाय टायर घेऊ नये. जुन्या ब्रेक लायनिंगमध्ये आणि क्लच प्लेटमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं. त्याची धूळ फुफ्फुसांना घातक आहे, म्हणून असा भाग घासू नये आणि हवेच्या प्रेशरने झटकू तर अजिबात नये.

## कायदा काय म्हणतो?

ही पारख आता केवळ हौशी लोकांचा विषय उरलेली नाही. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये केलेल्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेल्या दुचाकी आणि चारचाकी गाडीची ‘व्हिंटेज’ म्हणून वेगळी नोंदणी होते आणि तिच्या क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरं येतात. त्यासाठी गाडी मूळ स्वरूपात हवी आणि चॅसी, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा. गाडीत मूळ काय आणि बदललेलं काय, हे मालकाला सांगता आलं पाहिजे. दुसऱ्याचं व्यापारचिन्ह खोटं लावणं हा तर १९९९ च्या ट्रेड मार्क्स कायद्याखाली गुन्हा आहे. त्याला सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजारांपासून दोन लाखांपर्यंत दंड अशी तरतूद आहे.

बहुतेक भाग बदलले तरी गाडी तीच राहते का, हा प्रश्न १९९० मध्ये लंडनच्या न्यायालयात गेला होता. १९२९ आणि १९३० ची ल मान्स शर्यत जिंकलेल्या ‘ओल्ड नंबर वन’ या बेंटलेमध्ये मूळ भाग फारच थोडे उरले होते. कराराने ती घेणाऱ्याने म्हटलं, ही ती गाडी नव्हे. न्यायमूर्ती ऑटन यांनी निकाल दिला की गाडीचा इतिहास अखंड आहे, कोणता बदल कधी झाला याचा माग लागतो, म्हणून हे नाव सांगायचा तिला हक्क आहे. निकाल योग्यच होता. भाग बदलल्याने गाडी खोटी होत नाही, बदल लपवल्याने होते.

म्हणून ज्यांच्या घरात आजोबांची फियाट, वडिलांची जीप किंवा अंगणात ताडपत्रीखाली उभी असलेली कुठलीही जुनी गाडी आहे, त्यांना एक विनंती. दुरुस्तीत काढलेला मूळ भाग, मोडका असला तरी, भंगारवाल्याला देऊ नका. त्याच्यावर गाडीचा क्रमांक आणि काढल्याची तारीख लिहिलेली चिठ्ठी बांधा, नव्या भागाचं बिल सोबत ठेवा, दोन्हींचे फोटो काढा. गॅरेजवालेही असे भाग परत मागितले तर बहुधा देतात. फक्त काम सुरू होण्याआधी तसं सांगून ठेवावं लागतं.